दोन्ही हात वर केलेला माणूस

गुड फ्रायडेच्या दुपारी ब्रिडी बसमधून उतरली तेव्हा रिमूफ्लॅटच्या एकुलत्या एका रस्त्यावर माणसे मावत नव्हती. या गावात एरवी तीन कुत्री एकत्र आली तरी लोक खिडकीत येऊन जत्रा भरली म्हणतात. आज रस्त्याच्या दोन्ही कडांना मोटारी होत्या, चर्चच्या आवारात तंबू होते, आणि पावसात भिजत, माना उंचावून, सगळी मंडळी पूर्वेकडे बघत उभी होती. पूर्वेला करवतधार, गावामागच्या डोंगराची उंच, दातेरी धार. म्हणजे असायला हवी; आठवडाभर ती ढगात होती आणि कुणालाही दिसली नव्हती.

पावसाची तक्रार इथे कुणी करत नाही. इथल्या पोरांच्या बोटांमध्ये बदकासारखी कातडी असते असे डोंगरापलीकडचे लोक म्हणतात, आणि आम्ही ते नाकारत नाही. म्हाताऱ्या मॅनसच्या गमबुटात एकदा जिवंत ट्राउट मासा निघाला. मॅनस शपथेवर सांगतो की मासा तिथे त्याच्या आधीपासून राहत होता. अशा गावात थापा पचतात. पण त्या दिवशी लोक ज्याची वाट बघत उभे होते ती थाप वेगळी होती, आणि ती पचवायला एका आईला भाग पाडले जात होते.

ब्रिडी पाठीवरची पिशवी सावरत, डावा गुडघा जपत ग्वेनच्या बेकरीत शिरली आणि बाकावर टेकली. हातात काठी होती. एकवीस वर्षांच्या मुलीच्या हातात ती शोभत नव्हती, पण सप्टेंबरपासून सुटतही नव्हती.

"आलीस होय," ग्वेन म्हणाली. पिठाचे हात पुसत तिने एक सॉसेज रोल पुढे सरकवला. "खा आधी. डुनेडिनला जमिनी मोजायला शिकवतात, जेवायला शिकवत नाहीत वाटतं."

"ही कसली गर्दी, ग्वेन? तुझ्या पावासाठी तर आले नसतील."

"माझ्या पावासाठी कुणी नदीसुद्धा ओलांडणार नाही, ठाऊक आहे मला." ग्वेनने आवाज खाली आणला. "कॉर्मॅक दिसतो, ब्रिडी."

ब्रिडीने रोल खाली ठेवला.

"धारेवर. पहाटेच्या वेळी. ढगात उभा असतो, घरापेक्षा उंच, आणि डोक्याभोवती इंद्रधनुष्याचं कडं. मी पाहिलाय. मी, जिने उभ्या आयुष्यात यीस्टशिवाय कशामुळे काही वर येतं हे मानलं नाही."

"तू पाहिलास."

"फेब्रुवारीत. गावात एक जण आलाय, मेंढपाळ म्हणतात त्याला, तो घेऊन गेला होता आम्हाला. आणि..." ग्वेनने इकडेतिकडे पाहिले. "त्याने दोन्ही हात वर केले गं."

हे ऐकून ब्रिडी उठून उभीच राहिली. का ते सांगायला हवे. या किनाऱ्यावर पोरे मुळाक्षरांच्या आधी हे शिकतात: डोंगरात लांबून कुणी दिसले, वरून हेलिकॉप्टर गेले, तर एक हात वर म्हणजे मी ठीक आहे, तुम्ही जा. दोन्ही हात वर म्हणजे मला मदत हवी आहे, या. इथे लग्नातल्या नाचातसुद्धा कुणी दोन्ही हात वर करत नाही. केले तर कुणीतरी दोर घेऊन धावत येईल.

"नोरीनमावशीला हे सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? वर गेलेल्या प्रत्येकाने सांगितलं. उद्या ती स्वतः चाललीय."

नोरीन म्हणजे कॉर्मॅकची आई. साठीची, कंबर दुखरी, छाती त्याहून दुखरी. नवरा खाणीत गेला, आणि एकुलता एक मुलगा गेल्या सप्टेंबरात करवतधारेवर.

ब्रिडी तेव्हा त्याच्यासोबत होती. दोघे एकाच शाळेत वाढली, एकाच विद्यापीठात गेली, आणि सुट्टीत धार ओलांडायला निघाली. दुपारी बर्फाचा पाऊस सुरू झाला. वारा असा की उभे राहून बोलता येईना. घसरून ब्रिडीचा गुडघा गेला. कॉर्मॅकने तिला एका कलत्या कातळाखाली बसवले, स्वतःचा लोकरीचा चौकडीचा कोट काढून तिच्या अंगावर टाकला, वरचा रेनकोट तेवढा ठेवला. "वरच्या हटमध्ये, वाटसरूंच्या त्या झोपडीत, रेडिओ आहे. मदत बोलावतो. इथून हलू नकोस, नाहीतर तुला शोधायला मला परत यावं लागेल," म्हणाला आणि ढगात गेला. दुसऱ्या दिवशी मॅनसच्या शोधतुकडीला ब्रिडी सापडली. कॉर्मॅक हटला पोचलाच नव्हता. त्यांनी पुष्कळ शोधले. मग धारेवर इतके बर्फ पडले की मॅनसने शोध थांबवला. कॉर्मॅक सापडला नाही तो नाहीच.

*

नोरीनच्या दारातल्या खुंटीला तो चौकडीचा कोट टांगलेला असायचा; ब्रिडीनेच तो तिला परत आणून दिला होता. ब्रिडीने सवयीने तिकडे पाहिले. खुंटी रिकामी होती.

कोट स्वयंपाकघरात होता, एका माणसाच्या अंगावर. तो टेबलाशी बसून लोणी लावलेला गरम बन खात होता. करडी दाढी, मऊ पांढरे हात. त्याचे नाव ऑर्विल पेंब्रिज. भरकटलेल्यांना वाट दाखवणारा म्हणून लोक त्याला मेंढपाळ म्हणत. मेंढी त्याने आजवर फक्त ताटात पाहिली होती.

"ही ब्रिडी," नोरीन म्हणाली. तिने ब्रिडीला घट्ट धरले, सोडेचना. पूर्वी ती पिठाच्या पोत्यासारखी भरीव होती. आता ब्रिडीच्या हाताला नुसती हाडे लागली.

"मी ओळखतो हिला," मेंढपाळ डोळे मिटून म्हणाला. "कॉर्मॅक हिच्याबद्दल बोलतो."

"काय बोलतो?"

"शब्द नसतात तिथे. कंपनं असतात. पर्वत म्हणजे पृथ्वीचा अँटेना, बेटा. आपण सगळे तरंग आहोत. कुणी वर तरंगतो, कुणी खाली."

"आणि कुणी बनवर," ब्रिडी म्हणाली.

"ब्रिडी," नोरीनने दटावले. मग हळू आवाजात: "ते कॉर्मॅकच्या खोलीत राहतात. रोज पहाटे त्याच्याशी बोलतात. भिंतीतून मला दोन आवाज ऐकू येतात. कॉर्मॅकने त्यांना सांगितलंय, शनिवारी वर या, ईस्टरच्या पहाटे मी भेटेन."

"मावशी, उद्या वायव्येचं वादळ येतंय. बसचा ड्रायव्हरसुद्धा सांगत होता."

"तो दर वेळी वादळानंतरच येतो," नोरीन म्हणाली. "वादळातच गेला ना."

ब्रिडीने खिडकीबाहेर पाहिले. चर्चमागच्या हिरवळीवर कॉर्मॅकच्या बापाच्या थडग्याचा दगड होता, आणि शेजारी मोकळी जागा. नोरीनने ती डिसेंबरातच घेऊन ठेवली होती. आता तिथे गवत गुडघाभर वाढले होते.

"दगड बसवायचा होता ना ईस्टरला? फादर ओहेअर म्हणाले होते..."

"जो हात वर करून उभा आहे त्याचा दगड बसवू?" नोरीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; चढला असता तर बरे वाटले असते. "तिथे तो मदत मागतोय, ब्रिडी. सगळ्या गावाने पाहिलं. आणि मी आई असून इथे चुलीपाशी बसून आहे."

मेंढपाळ बनचा शेवटचा तुकडा तोंडात टाकत म्हणाला, "आईची हाक लागते. तिच्याशिवाय आत्मा अडकून राहतो."

ब्रिडीला त्या क्षणी कळले की वाद घालून ही बाई थांबणार नाही. ती एकटी असली तरी जाणार, आणि वाटेतला मॅगी ओढा तिला परत येऊ देणार नाही.

"मीही येते," ती म्हणाली.

सकाळी बुटांवर बांधायचे गेटर्स शोधायला ती कॉर्मॅकच्या खोलीत गेली. मेंढपाळ न्हाणीघरात होता. उशाशी कॉर्मॅकचा छोटा रेडिओ हलक्या आवाजात चालू होता. निवेदक डोंगराळ भागाचा अंदाज वाचत होता: आज वायव्येकडून जोराचा पाऊस, रात्रीतून दक्षिणेचा थंड वारा, उद्या पहाटे दऱ्यांमध्ये ढग आणि वर निरभ्र आकाश. ब्रिडीला वाटले, चला, निदान हवामान तरी ऐकतो. ती गेटर्स घेऊन बाहेर आली.

*

गर्दीने वर जाण्याच्या आणाभाका घेतल्या होत्या. पण पाऊस आडवा येऊ लागला तशी श्रद्धा मोटारींच्या दिशेने पांगली. वाटेच्या तोंडाशी पाचच जण उरले: मेंढपाळ, नोरीन, ब्रिडी, ग्वेन आणि मॅनस.

"तू कशाला, मॅनस?" ग्वेनने विचारले. "गमबुटातला मासा दाखवायचाय का त्याला?"

मॅनस हसला नाही. सत्तरीचा, लाकूडतोड्याच्या खांद्यांचा हा माणूस थापा मारल्याशिवाय कुणाला वाटही सांगत नसे. त्या दिवशी तो ब्रिडीला एवढेच म्हणाला, "शोध मी थांबवला होता. तो जर तेव्हा तिथे हात वर करून उभा असेल तर?" आणि पुढे चालू लागला.

म्हणजे त्या धारेवर दोघे कैद होते, ब्रिडीला वाटले. आई आणि मॅनस. आणि ती स्वतः धरली तर तिघे.

मॅगी ओढा एरवी पोरे उड्या मारत ओलांडतात. त्या दिवशी तो कॉफीच्या रंगाचा झाला होता आणि तळाशी धोंडे गडगडत होते. पायाखालच्या जमिनीतून ते ऐकू येत होते.

"मावशी, परत फिरू," ब्रिडी म्हणाली. "अजून तासाभरात हा कुणालाच जाऊ देणार नाही."

"मग आत्ताच जायला हवं," नोरीन म्हणाली.

मेंढपाळाने हात पसरले. "एकेकट्याने जायचं. प्रत्येकाने आपल्या श्रद्धेवर. पाणी ओळखतं."

"पाणी ओळखत असतं तर माझा भाऊ आज बारमध्ये बसला असता," मॅनस म्हणाला. "इथे कुणी एकटं ओढा ओलांडत नाही." त्याने कुणाला विचारले नाही. नोरीनला मध्ये घेतले, एका बाजूला ब्रिडी, दुसऱ्या बाजूला ग्वेन. प्रत्येकीने शेजारणीच्या पाठीमागून हात घालून पिशवीचा पट्टा मुठीत धरला. प्रवाहाच्या वरच्या टोकाला मॅनस स्वतः उभा राहिला, खालच्या टोकाला मेंढपाळाला ओवला. मग सगळ्यांनी एकदम पाऊल टाकले.

पाणी मांड्यांपर्यंत आले, मग कमरेपर्यंत. ब्रिडीचा गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता. मधोमध नोरीनचा पाय सुटला. ती क्षणभर पाण्यावर आडवी झाली. तिच्या दोन्ही बगलांतले हात ताणले, पण सुटले नाहीत. खालच्या टोकाकडून दिवसभरातले पहिले साधे वाक्य ऐकू आले.

"सोडू नकोस, मॅनस. देवाशप्पथ सोडू नकोस."

त्यात कंपन होते, पण वेगळ्या प्रकारचे.

पुढचा चढ बोलण्यासारखा नव्हता. झाडी संपली तसा वारा अंगावर आला. पावसात बर्फाचे कण मिसळले. नोरीन दहा पावले चालायची, ओणवी व्हायची, खोकायची, पुन्हा चालायची. ब्रिडीने तिला परतीचे पुन्हा सुचवले नाही. मागे ओढा होता, पुढे हट होती. आता जवळ तीच होती.

कलत्या कातळापाशी ब्रिडी थांबली. ठरवून नाही, पाय थांबले. खाली गवत होते, कोरडे, एका माणसाला बसता येईल एवढे.

"इथेच?" नोरीनने विचारले.

"इथेच."

नोरीनने ओला हातमोजा काढला आणि कातळावर तळवा टेकवला. पुढे ढगात वाट दिसत नव्हती.

"वळून पाहिलं होतं का त्याने?"

"हो. म्हणाला, हलू नकोस."

"ऐकलंस तू," नोरीन म्हणाली. "त्याचं कुणी ऐकायचं नाही कधी." आणि तिने हातमोजा चढवला. मेंढपाळ कॉर्मॅकच्या कोटात मान घालून म्हणाला की या जागी ऊर्जा फार दाट आहे, लवकर चला. त्याचे दात वाजत होते.

हटमध्ये आधीच्या वाटसरूंनी रिवाजाप्रमाणे कोरडी लाकडे रचून ठेवली होती. ग्वेनने चूल पेटवली. मॅनसने चहा केला. मग जो तो जागच्या जागी झोपला.

*

ईस्टरच्या पहाटे वारा पडला होता. आकाश धुऊन काढल्यासारखे. हटपासून धार हाकेच्या अंतरावर; तिच्या पूर्वेला बर्फाची शिखरे आणि पश्चिमेला दरी. दरीत ढग काठोकाठ भरला होता आणि त्याचे पदर वर चढत धारेला टेकत होते.

मेंढपाळ रात्रीतून पुन्हा मेंढपाळ झाला होता. त्याने सगळ्यांना धारेवर उभे केले, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, तोंड दरीकडे, पाठ शिखरांकडे. "डोळे मिटा. शेजाऱ्याकडे बघायचं नाही, त्याची शंका तुमच्यात शिरते. मी सांगेन तेव्हा डोळे उघडा, आणि त्याला दोन्ही हातांनी नमस्कार करा. मी करतो तसा. हात पूर्ण वर."

पाठीवर ऊब आली. सूर्य शिखरांवरून वर आला होता.

"आता."

ब्रिडीने डोळे उघडले.

समोर ढगात एक माणूस उभा होता. काळा, अवाढव्य, पाय खाली दरीत कुठेतरी उगवलेले. डोक्याभोवती रंगीत कडे, आत पिवळट, बाहेर लालसर, एकात एक. तिचा हात आपोआप वर गेला. त्यानेही हात वर केला.

"कॉर्मॅक," ती म्हणाली.

तिने मानले. हे लपवण्यात अर्थ नाही. तिथे उभे असता तर तुम्हीही मानले असते. ती त्याला म्हणणार होती की मी हलले नाही रे, सांगितलंस तशीच बसून राहिले. तिने दुसरा हात वर करायला काठी सोडली, आणि काठी दगडावर पडून वाजली.

समोरच्या माणसाच्या हातूनही काहीतरी पडले. लांब, बारीक.

ब्रिडीने वाकून काठी उचलली. तो वाकला. तिने डाव्या पायावरचा भार काठीवर टाकला. त्यानेही टाकला, त्याच बाजूला. कॉर्मॅक आयुष्यात कधी लंगडला नव्हता. आणि त्या कातळापाशी पाय लंगडा झाला होता तो तिचा एकटीचा.

तिने पाठीमागे वळून सूर्याकडे पाहिले. पुढे ढगाकडे पाहिले. जमीन मोजायला शिकणाऱ्या मुलीला तीन बिंदू एका रेषेत आलेले कळतात: सूर्य, आपले डोके, आणि रंगीत कड्याचा मधला ठिपका.

बाजूला नोरीन उभी होती. दोन्ही हात वर, गालांवरून पाणी. "येते रे. आले बघ मी. कुठून उतरू?" ती म्हणत होती, आणि एक पाऊल पुढे टाकत होती. पुढे दरी होती.

ब्रिडी लंगडत धावली आणि तिने तिला मागून कवटाळले.

"मावशी, थांबा. एक हात खाली घ्या."

"सोड मला. तो बोलावतोय."

"एक हात खाली घ्या, मग सोडते. शपथेवर."

नोरीनने हात खाली घेतला. बहुधा तिला ढकलण्यासाठीच. समोरच्या माणसाने हात खाली घेतला.

"पुन्हा वर. आता दुसरा खाली."

नोरीनचे हात हळूहळू वर-खाली झाले. समोरचेही झाले. ती एक पाऊल मागे आली.

"संशयी माणसापुढे तो नक्कल करतो," मेंढपाळ पलीकडून म्हणाला. "प्रेम म्हणजेच नक्कल."

"ग्वेन," ब्रिडीने हाक मारली, "कडं कुणाच्या डोक्याला आहे?"

"कॉर्मॅकच्या. माझ्या बरोबर समोर."

"मॅनस?"

"माझ्या समोर."

"आणि मला तो माझ्या समोर दिसतो. मग किती कॉर्मॅक आहेत? इकडे या सगळे. माझ्या शेजारी उभे राहा, खांद्याला खांदा."

ते आले. ढगात आता चार काळ्या आकृत्या दाटीने उभ्या होत्या, आणि प्रत्येकाला कडे दिसत होते ते एकाच डोक्याभोवती: स्वतःच्या. ग्वेनने डोके हलवले. मग टोपी काढून उंच धरली. मग ती हळूच म्हणाली, "अरे देवा. ती टोपी माझी आहे."

"सावली आहे," ब्रिडी म्हणाली. "सूर्य मागे, खाली टेकलेला. समोर ढग. भिंतीवर पडते तशी आपली सावली ढगावर पडते. पण ढग भिंतीसारखा सपाट नाही, आत खोलवर पसरलाय. सावलीही आतपर्यंत जाते, म्हणून ती लांबवरची आणि राक्षसाएवढी वाटते. कडं पाण्याच्या थेंबांचं. थेंबात शिरलेला उजेड आला त्याच वाटेने परत फिरतो, सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांकडे. म्हणून माझं कडं मला दिसतं, तुमचं तुम्हाला. दुसऱ्याचं कुणालाच नाही. त्यासाठीच यांनी आपल्याला लांब लांब उभं केलं, आणि शेजाऱ्याकडे बघू नका म्हणाले."

"आणि हात?" मॅनसने विचारले.

"हात आपणच वर केले, मॅनस. यांनी सांगितलं म्हणून."

मेंढपाळ म्हणाला, "आणि तो शनिवारीच या म्हणाला ते? ते मला कुणी सांगितलं?"

"उशाशी ठेवलेल्या रेडिओने. पहाटेचा अंदाज. आधी वादळ, मग दक्षिणेचा वारा, दरीत ढग आणि वर ऊन. कोरड्या आठवड्यात ढग नसतो, मग सावली कशावर पडणार? तुम्हाला वादळ लागतं. म्हणून तुम्ही काल या बाईला त्या ओढ्यात घातलंत."

"भिंतीतून दोन आवाज यायचे," नोरीन म्हणाली. कुणाला उद्देशून नव्हे.

मेंढपाळाने तोंड उघडले. तरंग, अँटेना, कंपने, सगळे त्याच्या ओठांपर्यंत येऊन परत गेल्यासारखे दिसले. शेवटी तो म्हणाला, "त्यांना बरं वाटत होतं ना. मी कुणाचं काय वाईट केलं?"

त्यावर ग्वेनने त्याच्याकडे पाठ फिरवली. मॅनस मात्र मटकन गवतात बसला. समोर त्याची सावलीही बसली.

"नोरीन," तो म्हणाला, "मी शोध थांबवला तेव्हा..."

"तेव्हा तो गेलेला होता," नोरीन म्हणाली. "डॉक्टर म्हणाले होते ना, त्या थंडीत माणूस पहिल्याच रात्री जातो. मला ठाऊक होतं, मॅनस. यांनी ते माझ्याकडून काढून घेतलं होतं." ती त्याच्याकडे बघत राहिली. "दुकानात मला टाळून मागच्या दाराने जायचास ते यासाठी?"

मॅनसने मान डोलावली.

नोरीन पुन्हा दरीकडे वळली. समोर तिची काळी, वाकलेली, कड्यातली सावली. आता नीट पाहिल्यावर डोक्यावरचा रुमालसुद्धा ओळखू येत होता.

"म्हणजे तो मदत मागत नव्हता."

"नाही, मावशी."

"म्हणजे तो इथे नाहीच."

ब्रिडीने तिचा दंड धरला. तिने मान डोलावली. एका आईला मुलगा दुसऱ्यांदा मेल्याचे सांगायचे होते, आणि ते सांगायला त्या धारेवर दुसरे कुणी नव्हते.

नोरीनने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. मग तिने उजवा हात वर केला. एकच. सरळ, बोटे मिटलेली, हेलिकॉप्टरला करतात तसा. सावलीने हात वर केला. सूर्य चढला तसा ढग खाली बसत गेला, कडे फिके झाले, आणि वर केलेला हात सगळ्यात शेवटी विरला. खाली दरीत दगड, गवत आणि एक पांढरा ओढा दिसू लागला. दुसरे काही नव्हते.

"कोट काढ," नोरीन मेंढपाळाला म्हणाली.

"इथे? थंडी आहे, नोरीन..."

"आहे ना. म्हणूनच तर त्याने तो दिला होता."

मेंढपाळाने कोट काढला. नोरीनने तो झटकला, त्यावरचे बनचे तुकडे उडवले आणि ब्रिडीच्या खांद्यांवर टाकला. वरचे बटण तिने स्वतः लावले.

"ज्याला दिला त्याचा," ती म्हणाली. "खुंटीवर टांगायला नव्हता दिला."

*

उतरताना मॅगी ओढा अजून चढलेला होता. मेंढपाळ किनाऱ्यावर बाजूला उभा राहिला. त्याला कुणी बोलावले नाही आणि तोही बोलला नाही. मॅनसने पुन्हा माणसांची साखळी लावली, मोजल्यासारखे मागे पाहिले आणि म्हणाला, "ये रे बाबा. इथे कुणी एकटं ओलांडत नाही." नोरीननेच त्याच्या पिशवीचा पट्टा धरला.

सोमवारच्या बसने ऑर्विल पेंब्रिज गेला. त्याला उत्तरेकडे कुठेतरी दुसरी धार सापडली आहे असे कानावर येते. तिथेही एखादी आई असेल.

म्हणून एवढेच मागणे आहे. कुणी तुम्हाला डोंगरावर नेऊन, किंवा घरी बसवून, काही अद्भुत दाखवू लागला, तर रागावू नका, हसूही नका. फक्त आपली पाठ कशाकडे केली आहे ते वळून बघा. शेजाऱ्याला विचारा, तुला काय दिसते. आणि जे दिसते आहे त्याच्यासमोर आपला एक हात हलवून बघा. तेही हलले, तर ते तुमचेच आहे. ते घेऊन घरी जा, ते दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नका.

चर्चमागच्या हिरवळीवर आता दोन दगड आहेत. दुसऱ्याखाली कुणी नाही, हे गावाला ठाऊक आहे. ब्रिडी सुट्टीत आली की दोघी तिथले गवत काढतात. ब्रिडी काठी गवतात आडवी ठेवून, चौकडीचा कोट घालून बसते. निघताना नोरीन करवतधारेकडे वळते आणि एक हात वर करते. धार ढगात असते. तिकडून उत्तर येत नाही, आणि ती त्याची वाट बघत थांबतही नाही.